तीन मण बर्फाची पोच

मु. लष्कर-ग्वाल्हेर, खासगी बाजार
ज्येष्ठ शुद्ध नवमी

राजमान्य राजश्री मुकुंदरावदादा यांचे सेवेशी,

बळवंत शिरवळकराचा कृतानेक नमस्कार. आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि चिरंजिवांचं गणित ही तिन्ही सुधारली असतील अशी आशा करतो. तिसऱ्याची घाई नाही, पण पहिली दोन तरी सुधारावीत. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर दुपारी लू अशी वाहते की दाराची कडी धरवत नाही, स्वयंपाकाला ठेवलेली मिसरानी वरणात हिंगाचा डोंगर घालते, आणि आमच्या शांताआत्या (माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, ऐंशीच्या घरात आहेत, पण कान तिखट आहेत) रस्त्यात टांगा वाजला की माजघरातून विचारतात, "आली का रे ती?" ती म्हणजे आपली धाकटी बहीण आणि माझं कुटुंब, चि. सौ. राजलक्ष्मी. पद्माचं लग्न आटोपलं, मुलगी इंदूरला गेली, आणि मुलीची आई चार दिवस म्हणून आपल्याबरोबर झाशीला आली. त्या चार दिवसांचा आता महिना होत आला. मी तिला परत बोलावण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. टांग्यात बसताना ती जे वाक्य बोलली ते आपण ऐकलंत. "तुमचं तोलून झालं की कळवा." आपण हसलात. आपण हसलात म्हणून हे पत्र. कारण आपण लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरलात तेव्हा मांडवात नुसता ओला भुसा पाहिलात, आणि आदल्या दिवशीची हकीकत एकाच पक्षाकडून ऐकलीत. दुसरा पक्ष ऐकल्याशिवाय कोणी हसू नये असा सगळ्या अदालतींचा नियम आहे.

आपल्याला ठाऊकच आहे की इथल्या एका अदालतीत मी पेन्शन होईतो सरिश्तेदार होतो (म्हणजे जजसाहेब सही करीत आणि ती कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवीत असे). पेन्शनीनंतर माणसं हरिविजय लावतात, मी आगऱ्याहून माल विकण्या-घेण्याच्या नव्या कायद्याचं पुस्तक मागवलं. तो कायदा इंग्रजी हद्दीतला आहे, आपल्या संस्थानात लागू नाही, हे महिपतराव मला येता-जाता ऐकवतात. (महिपतराव आमचे शेजारी. आजा-पणज्यापासून घोडदळातले, कायदा म्हटला की त्यांना लगाम आठवतो.) संस्थानात लागू नसेल, माझ्या घरात लागू आहे! आणि कायदा तरी किती सरळ पाहा. विकणाऱ्याने ठरल्या जागी, ठरल्या वेळी, ठरला तेवढा माल द्यावा. घेणाऱ्याने तो नीट पाहून, तपासून घ्यावा आणि दाम द्यावा. झालं. यात भांडणाला जागा कुठे आहे सांगा. तरी लोक भांडतात, दादा, याचं मला फार नवल वाटतं.

बर्फाची कल्पना माझी नव्हे. ती आपल्या घरची आहे. लहानपणी आपल्या कैलासवासी वडिलांनी झाशीच्या छावणीतून रुमालात बांधून बर्फाचा खडा आणला होता, आपण दोघा बहीण-भावंडांनी तो गोठ्यामागे बसून चोखला, आणि त्यातला मोठा हिस्सा आपण खाल्लात (हे ती अजून सांगते; मी आपली बाजू घेत आलो आहे, हे या घडीला आपल्या लक्षात असावं). लग्न होऊन ग्वाल्हेरला आली त्या पहिल्याच वैशाखात तिने भाबडेपणाने विचारलं की इथे बर्फ मिळतो का. झालं! घरातल्या बायकांना आयतं खेळणं मिळालं. पुढे कितीतरी उन्हाळे, जरा उकडलं की "अगं, आपल्या झाशीकरणीला बर्फ आणा कोणीतरी" म्हणून तिची थट्टा चाले. तिने पुन्हा कधी नाव काढलं नाही. पण पद्माचं लग्न ठरलं, इंदूरकरांनी नेमका वैशाखातला मुहूर्त धरला, आणि एके दिवशी मला ताक वाढता वाढता ती म्हणाली की सीमांतपूजनाला व्याह्यांना बर्फ घातलेलं पन्हं द्यायचं. विचारलं नाही, सांगितलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पाटल्या मागितल्या नाहीत, काशीयात्रा मागितली नाही. मागितला तो बर्फ.

शांताआत्यांनी घर डोक्यावर घेतलं. यंत्रातलं पाणी कोणत्या विहिरीचं, कोणी भरलेलं, यंत्राला चामड्याचा पट्टा असतो की नाही, एक ना दोन! सोवळ्यात हा प्रकार चालायचा नाही. गुरुजींना बोलावलं. त्यांनी पंचांग पुढून चाळलं, मागून चाळलं (त्यात बर्फ नसतो, हे मीही सांगितलं असतं), आणि शेवटी म्हणाले की घट्ट आहे तोवर बर्फाला दगड समजावं, दगडाला विटाळ नाही; वितळला की पाणी समजावं. आत्यांनी लगेच गाठलं, की तो वितळणार तो पन्ह्यातच ना? गुरुजींना एकदम दुसऱ्या घरचं श्राद्ध आठवलं. हा वाद सबंध चैत्र चालला. मग एक दिवस आपली बहीण तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "आत्या, गंगा तरी वर हिमालयात काय असते? बर्फच की." आत्यांनी जपाची माळ उचलली ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. मी इतकी वर्षं अदालतीत बसलो, भल्याभल्या वकिलांची बहस ऐकली, पण असा एका वाक्यात मुकद्दमा जिंकलेला पाहिला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्याच दिवशी मी कोट घालून पडावावर गेलो.

पडावावर, स्टेशनाच्या अलीकडे, छिद्दीलाल बर्फवाल्याचं दुकान आहे. त्याचा माल आगऱ्याहून सकाळच्या गाडीने येतो, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. (आपण जिला लादी म्हणतो तिला तो सिल्ली म्हणतो. करारनाम्यात मी दोन्ही शब्द घातले.) हो, करारनामा केला. मुलीच्या लग्नाची गोष्ट, तोंडी कशी ठेवायची? माल तीन मण, वजन पोचतेवेळचं. पांढरा, स्वच्छ, घट्ट आणि आरपार दिसणारा. स्थळ आमचं दार. वेळ सीमांतपूजनाच्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर. आणि माल स्वीकारण्यापूर्वी तो तपासून, तोलून पाहण्याचा मला पूर्ण अधिकार. छिद्दीलालने सगळं वाचून घेतलं आणि म्हणाला, एक कलम माझंही घाला. ठेल्यावरून माल उतरण्याआधी "भर पाया", म्हणजे सगळा माल मिळाला, अशी पावती लिहून सही द्यायची. मला वाटलं, गरिबाची हौस आहे, घालू द्या. नंतर उलगडा झाला की हाच छिद्दीलाल काही वर्षांपूर्वी आमच्याच अदालतीत दावा हरला होता. एका हलवायाकडे त्याने पावतीशिवाय माल उतरवला आणि हलवाई उलटला. हुकूम वाचून दाखवला तो मी, आणि तो रडकुंडीला आला म्हणून दारापर्यंत जाऊन, "पुढच्या वेळी आधी पावती घे रे बाबा" असा उपदेश केला तोही मी. त्याने तो मनावर घेतला होता. असा एक कागद तयार झाला, की ज्यात तोलल्याशिवाय मी पावती द्यायची नव्हती आणि पावतीशिवाय त्याने तोलायला माल उतरवायचा नव्हता. त्यावर आम्ही दोघांनी मोठ्या समाधानाने सह्या केल्या, आणि त्याने मला पान दिलं.

सीमांतपूजनाचा दिवस उजाडला. इंदूरची मंडळी जानोशात उतरली होती. माजघरात सौ.ने पन्ह्याचं पिंप ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवलं होतं. वेलदोडा, केशर, सगळं बेताचं. शेजारी चांदीचे पेले ओळीने मांडलेले. ती आतबाहेर करीत होती आणि दर खेपेला पिंपाचं झाकण पुन्हा नीट करीत होती, जसं काही ते मघाशी नीट नव्हतंच. आणि छिद्दीलाल वेळेवर आला! दादा, ग्वाल्हेरात ठरल्या वेळी माल येतो हे मी जन्मात प्रथम पाहिलं. खरं सांगायचं तर मी जरा हिरमुसलो, कारण उशिराबद्दल त्याला काय काय सुनवायचं ते मी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. ठेला मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. मी म्हटलं, "उतारो और तौलो." तो म्हणाला, "बाबूजी, पहले भर पाया." मी कलम दाखवलं. त्याने कलम दाखवलं. दोघांचीही कलमं एकाच कागदावर, एकाच शाईत, माझ्याच अक्षरात. तेवढ्यात ठेल्याखाली एक थेंब पडला. मी तो पाहिला. त्यानेही पाहिला. दोघांनीही पाहिला नाही असं दाखवलं.

शेवटी मार्ग काढला तो मीच, हे आपल्या बहिणीने सांगितलं नसेल. मी पावतीवर "भर" एवढंच लिहून दिलं आणि "पाया" तोलून झाल्यावर लिहीन असं कबूल केलं. छिद्दीलालने तो अर्धा शब्द उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली. पण तोलायचं कशावर? घरातला काटा भाजीचा. महिपतराव धावले, दाल बाजारात त्यांच्या ओळखीच्या आढत्याकडून धान्य तोलायचा मोठा तराजू आणि हमाल घेऊन आले. तेवढ्या वेळात थेंबांची धार झाली होती. तराजू मांडवाच्या मधल्या आडव्या बल्लीला टांगला, तशी बल्ली कुरकुरली आणि झालर खाली आली. छिद्दीलाल म्हणाला, गोणपाटासकट तोला, आगऱ्यातही तसंच तोलतात. मी म्हटलं, वा रे वा! मी तीन मण बर्फ घेतला आहे, तीन मण गोणपाट नव्हे. सोड सगळं. त्याने सोडलं. भुसाही मी स्वतः उपरण्याने झटकला. वैशाखातलं ऊन, दादा, आणि त्यात त्या उघड्या लाद्या नुसत्या लखलखत होत्या, करारात लिहिल्याप्रमाणे पांढऱ्या, स्वच्छ आणि आरपार. मला भरून आलं. हमालांनी एक लादी पारड्यात ठेवली, ती घसरली, आणि गल्लीच्या उतारावरून सुसाट गेली ती थेट सनईवाल्यांच्या बैठकीत. सनई थांबली. पाहतो तर त्या तापलेल्या माणसांनी आळीपाळीने लादीला पाठ टेकली होती. ती परत मागायची कशी, हे माझ्या पुस्तकात नाही.

उरलेलं तोललं. भरेना. पुन्हा तोललं, तर मघापेक्षाही कमी भरलं. छिद्दीलाल छाती ठोकून सांगू लागला की आगऱ्याहून निघताना माल पुरा होता, पडावावर पुरा होता, तुमच्या दारात पुरा होता; त्यानंतर गेला तो तुमच्या उन्हाने गेला. मी म्हटलं, मी माल स्वीकारेपर्यंत बर्फ तुझा, तेव्हा त्याच्यावर पडलेलं ऊनही तुझंच. ऊन कोणाचं यावर आम्ही दोघेही घामाघूम झालो. (मुद्दा कायद्याचा होता, आणि तो माझ्या बाजूने होता, हे मी आजही म्हणेन.) मग पंच नेमले. एक महिपतराव, आणि गलका ऐकून जानोशातून आलेले जावईबापूंचे मामा, म्हणजे दोन्ही पक्षांना दूरचे. पंचांनी माल तपासायला हवा, म्हणून मामांनी एक खडा फोडून तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाले की नक्की मत देण्यापूर्वी आणखी एक पाहावा लागेल. ते पाहून इंदूरची बाकीची मंडळी साक्षीला आली. प्रत्येकाने साक्ष घेतली, कोणी तोंडात, कोणी रुमालात, एकाने तर पागोट्याखाली. महिपतरावांनी माझा दंड धरला आणि ओरडले, "अहो बळवंतराव, फोडा आणि आत न्या, खतम करा!" मी त्यांना समजावलं की पंचाने निकाल द्यायचा असतो, हुकूम नव्हे. आतून आत्यांबरोबर निरोप आला की बर्फ आला का. मी म्हटलं, आला आहे, पण अजून पोचलेला नाही. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला, की बर्फ आत येऊ द्या, भांडण हवं तर बाहेर राहू द्या. बायकांना कारभारातला क्रम कळत नाही असं मी आत्यांजवळ म्हणालो, आणि तेही आत जसंच्या तसं पोचलं. त्याला मात्र पावती लागली नाही.

तिसरा निरोप आला नाही. मी खुर्चीवर उभा राहून जाहीर करीत होतो की वजन न भरल्याकारणाने सदरहू माल मी नाकारीत आहे, आणि गर्दी एकदम दुभंगली. आपली बहीण स्वतः बाहेर आली होती. वधूची आई, अंगावर शालू, हातात परात, आणि ती सगळ्या व्याह्यांच्या देखत गल्लीत उभी! पारड्यात तेव्हा नारळाएवढा खडा उरला होता. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. छिद्दीलालला म्हणाली, "भैया, इतना ही दे दो." आणि दादा, ज्या इसमाने माझ्याकडून अर्धा शब्द लिहून घेतल्याशिवाय दोरीची गाठ सोडली नव्हती, त्याने तो खडा आपल्या दोन्ही हातांनी उचलून तिच्या परातीत ठेवला. पावती मागितली नाही. हे मला फार लागलं. ती आत गेली. आत्या सांगतात की तिने तो खडा पिंपात घातला नाही. फोडून एका पेल्यात घातला, वर पन्हं ओतलं आणि पेला पद्माला दिला, आणि पद्माने तो दोन्ही हातांत धरून अर्धा आईला प्यायला लावला. दोघी हसत होत्या म्हणे, आणि डोळेही पुसत होत्या. मी तेव्हा बाहेर भुसा गोळा करीत होतो. इंदूरकरांनी नंतर कोमट पन्हं दोन-दोन पेले घेतलं आणि तोंडभर वाखाणलं. साहजिक आहे, त्यांचे घसे आधीच गार होते.

आता या हकीकतीत माझा दोष कुठे, हे आपण त्रयस्थपणे पाहावं. करार मी मोडला नाही. माल मी नीट पाहिला. वजन कमी भरलं ही वस्तुस्थिती आहे. (आणखी एक गोष्ट कंसात लिहितो, ती आपण वहिनींना वाचून दाखवू नये. तिने आयुष्यात एकच वस्तू मागितली होती. ती तिला पुरी मिळावी, तीन मण म्हणजे तीन मण, मधल्यामध्ये कोणी खडाभरही मारू नये, इतकाच माझा हट्ट होता. दुसऱ्या कोणासाठी मी इतक्या बारकाईने तोललं नसतं. हे तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मी खुर्चीवर उभा होतो.) तिला मी परत ये असं लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. राहावं तिने खुशाल, माहेर आहे. माझं काही अडत नाही.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि जे मधले आहेत त्यांस काय लिहावं हे न सुचल्याने इथेच थांबतो.

आपला,
बळवंत

ता. क. काही अडत नाही असं वर लिहिलं आहे, त्यात एक किरकोळ दुरुस्ती. मेतकुटाचा डबा कुठे ठेवला आहे, तेवढं सौ.ला विचारून कळवावं. तसंच माझा चष्मा. तसंच संध्याकाळी देवापाशी ती काय म्हणत असे, कारण आत्यांना ते ऐकल्याशिवाय झोप येत नाही आणि मी म्हटलं तर त्या म्हणतात, चाल चुकली.

ता. क. दुसरा. आत्यांनी आज स्वयंपाकघरात जाऊन मिसरानीला सांगितलं की आमच्या सुनेच्या हातचं पन्हं असं गार असे की दात शिवशिवत. त्यांनी बर्फाचा थेंब घेतलेला नाही, मला पक्कं माहीत आहे. मी मात्र या साक्षीला हरकत घेतली नाही.

ता. क. तिसरा, दशमी. हे पत्र पोस्टात टाकायला म्हणून निघालो तो पाय पडावाकडे वळले. छिद्दीलालला कायदेशीर नोटीस तोंडी द्यावी असा विचार होता. त्याने मला पाहून आधी स्टूल दिलं आणि विचारलं, "माताजी नाराज हैं क्या?" मी म्हटलं, झाशीला आहेत. तो हळूच म्हणाला की त्याच्या घरीही त्या दिवसापासून पोळी ताटात वाढली जात नाही, पुढ्यात टाकली जाते. कारण त्याच्या बायकोने सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली की लग्नघरच्या बाईला एवढ्यासाठी बाहेर यावं लागलं, तुम्हाला लाज नाही वाटली? मी स्टूल त्याच्याजवळ सरकवून बसलो. मग त्याने आत जाऊन एक लादी आणली, गोणपाटात, भुशात, दोरीच्या दुहेरी गाठी मारून. सवयीने त्याने कागद पुढे केला. मी न पाहता, न सोडता, न तोलता लिहिलं, "भर पाया". पुरे दोन्ही शब्द.

ता. क. चौथा. लादी घेऊन तसाच झाशीच्या गाडीला गेलो, तर स्टेशनावर नवीच पंचाईत. पार्सलबाबू म्हणाला, माल तोलल्याशिवाय गाडीत चढणार नाही. मी, दादा, मी! त्याच्या विनवण्या केल्या, की वाटेल ते भाडं लावा पण तोलू नका. तो म्हणाला, बाबूजी, हे कायद्यात बसत नाही. शेवटी त्याने तोललं तेव्हा मी काट्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि आकडा कानावर पडू नये म्हणून मोठ्याने रामरक्षा म्हटली. फलाटावरची माणसं जमा झाली. पावतीवर वजन लिहिलेलं आहे. ती घडी मी उघडलेली नाही आणि ती तशीच सौ.च्या हातात देईन.

ता. क. पाचवा, पेन्सिलीने, क्षमा असावी. हे पत्र मी हातोहात देत आहे. या क्षणी आपल्याच ओट्यावर बसून हे लिहितो आहे. आतून सौ.चा आवाज येतो आहे. माठात पाणी कोणी भरलं नाही म्हणून ती कोणाला तरी रागावते आहे. महिन्याभरात इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं. कडी वाजवायचा धीर होत नाही, म्हणून पत्र दाराच्या फटीतून आत सरकवतो. सौ.ला सांगावं की तोलून झालं. आणि हेही सांगावं की दारात दोन नग माल आला आहे, एक बर्फ आणि एक मी. दोन्ही पाठवणाराच्या जोखमीवर. तिने नीट पाहून, तपासून घ्यावं. पसंत नसल्यास नाकारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, परतीचं भाडं मी देईन. मात्र मुकुंदरावदादा, कृपा करून आधी बर्फ आत घ्यावा आणि पत्र मागाहून सावकाश वाचावं. हे सगळ्यांत वर लिहायला हवं होतं, पण वर आता जागा नाही. लवकर करावं. माझी पावलं ओली झाली आहेत.